पाळण्याचे स्क्रू

४ जून

वहिनी आज दवाखान्यात! पडदा सरकवून सरळ माझ्या टेबलासमोर येऊन बसली. "वन्सं, ते तीन महिन्यांचं इंजेक्शन मला द्यायला सांगा." एरवी नावाने हाक मारते. आज एकदम वन्सं.

दिवसभर मी परक्या बायकांना हेच तर समजावते — दोन बाळंतपणांत अंतर का हवं, त्यासाठी काय काय मिळतं. तोंडपाठ आहे. वहिनीपुढे एक वाक्य धड आठवेना. गेल्या वर्षी तिचं दुसरं बाळ गेलं आणि तीही जाता जाता राहिली. रक्तासाठी मीच धावले होते. "मला मूल हवंय," म्हणाली. "छकुलीच्या पाठीवर कुणीतरी हवंच. पण आत्ता नको, अंगात ताकद येऊ दे. ह्यांना मात्र कळता कामा नये."

का? तर दादाला लगेच मूल हवंय. तो तसं म्हणाला का? नाही. पण रविवारी पाळण्यापाशी बसून स्क्रू पिळत होता. "दुरुस्त करत होते," म्हणाली. ती रडली नाही. मीच रुमाल शोधत बसले.

इंजेक्शन मोठ्या सिस्टरनी दिलं. त्यांचा नियम एकच — खोलीतलं खोलीत.

१९ जून

आई जेवताना म्हणाली, "तू दवाखान्यात असून उपयोग काय? हिच्यासाठी एखादं चांगलं औषध आण की. वर्ष झालं." वहिनीने न मागता माझ्या ताटात भात वाढला. रक्तवाढीच्या गोळ्या आणते, म्हटलं. खोटं नाही. खरंही नाही.

२ जुलै

दादा हल्ली बाहेरच्या खोलीत झोपतो. पाठ दुखते म्हणे. वहिनीला वाटतं तो रागावलाय. मला काय वाटतं ते मलाच कळत नाही.

२० ऑगस्ट

आज दादा. त्याच खुर्चीत!

"बारके, घरात कुणाला बोलायचं नाही." मग खाली मान घालून पुरुषांच्या ऑपरेशनचं विचारलं. राग नव्हताच. घाबरून बाहेर झोपतोय वेडा. "तिला पुन्हा त्या खाटेवर बघायचं नाही मला."

वहिनीशी बोल, म्हटलं. तर म्हणे, "तिला मूल हवंय. विचारलं तर ती रडेल, आणि ती रडली की मी हो म्हणेन. माझा मलाच भरवसा नाही." पाळण्याचं विचारलं. "खोलत होतो. कुणाला तरी देऊन टाकू म्हटलं. एक स्क्रू गंजलाय, निघेना."

हे कायमचं असतं, मागाहून विचार बदलला तरी पुन्हा मूल होईलच असं नाही, हे मी सांगितलं. डॉक्टरांनीही सांगितलं. तो ठाम. त्याची एकट्याची सही पुरते.

२१ ऑगस्ट

तिला थांबायचंय, तो कायमचं बंद करतोय. मध्ये मी, तोंडाला कुलूप लावून. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय!

नावं न घेता सिस्टरना विचारलं. "एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही. आपसात बोला म्हणायचं." म्हटलं की! दोघांनाही म्हटलं. दोघांचं उत्तर एकच — लग्न झाल्याशिवाय तुला कळायचं नाही.

ज्याचं शरीर त्याचा निर्णय, हे मीच लोकांना शिकवते. मग दादाचं बरोबरच आहे. आणि वहिनीला वर्षा-दोन वर्षांनी जे मूल हवंय, त्याचं काय? तिचंही बरोबर आहे. दोघंही बरोबर असताना मला चोरासारखं का वाटतंय?

२९ ऑगस्ट

येण्याच्या वेळा मी देते. दादाला सोमवारी दहाची दिली आहे. वहिनीच्या पुढच्या इंजेक्शनची वेळही आलीच. तिलाही सोमवार दिला. दहाच.

कुणाचं काही कुणाला सांगितलं नाही मी. नाही ना सांगितलं?

१ सप्टेंबर

बाहेर बाक एकच आहे. पडद्याच्या फटीतून पाहिलं. दादा आधीच बसलेला. वहिनी दारात थबकली. मग बसली — मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. मी पडदा ओढून घेतला.

पुन्हा पाहिलं तेव्हा बाक रिकामा. ऑपरेशन नाही, इंजेक्शनही नाही. इंजेक्शनला थोडा उशीर चालतो, तेवढंच मनाला समजावत राहिले.

सिस्टर म्हणाल्या, "नवराबायको होते ना ते? एकच वेळ कशी दिलीस?"

"चूक झाली."

"चूक?" एवढंच म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

६ सप्टेंबर

पाळणा माळ्यावर गेला. जुन्या चादरीत नीट गुंडाळून. वहिनीने खालून दिला, दादाने वर घेतला. तो आता आत झोपतो. काल माझी सुट्टी होती, नेमकी तेव्हाच ती इंजेक्शन घेऊन आली. दादा सोबत होता.

आज वहिनीकडून भात मला मागून घ्यावा लागला.