आई तुझ्याकडे, लेक आमच्याकडे

चिरंजीव धाकट्यास,

मोठ्या बहिणीचे आशीर्वाद. तुझा टेम्पोवाला मधमाश्यांची पेटी न्यायला आला, रिकाम्या हाताने परत गेला आणि मी त्याच्यावर माश्या सोडल्या असं त्याने तुला सांगितलं, म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे. मी कुणावर काही सोडलेलं नाही. तुझी कंबर कशी आहे? तुझ्या बायकोचा खोकला थांबला का? आम्ही दोघं ठीक आहोत. माझ्या डाव्या हाताचं एक बोट सुजलं आहे, पण लिहायचं काम उजव्या हाताने होत असल्यामुळे तू सुटणार नाहीस.

पेटी घेऊन जा म्हणून वर्षभर मीच तुझ्यामागे लकडा लावला होता, हे खरं आहे. आता तुझं अंगणाचं घर झालं, तू पेटी मागवलीस, आणि आता मीच देत नाही, हेही खरं आहे. यात विसंगती दिसेल. पत्र शेवटपर्यंत वाचलंस तर दिसणार नाही. (तू पत्रं मधूनच वाचतोस, हे मला ठाऊक आहे. सुरुवातीपासून वाच.)

पेटी तू आमच्या मागच्या गॅलरीत आणून ठेवलीस ती चार दिवसांच्या बोलीवर. तुझ्या घरमालकाला माश्या चालत नव्हत्या, आणि ताईची गॅलरी काय, रिकामीच पडलेली. ती रिकामी नव्हती. तिथे तुझे दाजी बसत. (ते बसलेले असले तरी जागा रिकामीच वाटते, एवढं मी तुझ्या बाजूने मान्य करते.) निवृत्त झाल्यापासून त्यांची दिवसभराची वाक्यं ठरलेली होती: चहा झाला का, पेपर आला का, दिवा मालवू का. तिन्हींची उत्तरं मी एकदमच देऊन टाकत असे. मधमाश्यांची मात्र मला धास्ती नव्हती. कॉलेजात मी प्राणिशास्त्र घेतलं होतं आणि मधमाशीचा मागचा पाय आकृती काढून, भागांना नावं देऊन, पैकीच्या पैकी गुणांसह सोडवला होता. जिच्या पायाची आपल्याला एवढी माहिती, ती आपल्या हाताला काय करणार, अशा समजुतीत मी होते.

पहिली तक्रार वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंची. मधमाशी आपल्या घरात कधी घाण करत नाही, बाहेर उडतानाच मोकळी होते (ही शिस्त आमच्या जिन्यात झोपणाऱ्या कुत्र्यांना लागती तर बरं झालं असतं), आणि त्या कामासाठी आपल्या माश्यांनी वकीलबाईंच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी पसंत केल्या. पिवळे ठिपके दाखवायला बाई चादरीसकट खाली आल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या माश्यांना आवरा.” मी म्हटलं, “कुठली माशी ते दाखवा, तिला समज देते.” पण शेजारधर्म आहे. पेटी गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला न्यायचं मी ठरवलं. सकाळी माश्या कामावर बाहेर पडल्या की मागे पेटी हलवावी, असा सरळ विचार. (सामान हलवताना घरातली मंडळी घरात नसलेली बरी, हा माझा आजवरचा अनुभव आहे.) मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात ऊन चांगलं येतं म्हणून तिथे दाजींची खुर्ची टाकली. मधमाशी घर ओळखते ते जागेवरून. आपलं घर चार हात सरकलं तर तिला ते सापडत नाही. हे त्या पायाच्या आकृतीत कुठेही दिलेलं नव्हतं.

कामावरून परतलेल्या माश्या जुन्या पत्त्यावर आल्या, आणि त्या पत्त्यावर तुझे दाजी होते. त्यांच्या पेपरावर, गुडघ्यांवर, चष्म्याच्या दांड्यांवर आणि टकलावर अशा ठिकठिकाणी त्या उतरल्या. तुझे दाजी हलले नाहीत. लोक याला धीर म्हणतील. मी संसार केला आहे, मी याला सवय म्हणते. मी दारात आले तेव्हा ते ओठ न हलवता म्हणाले, “अगं, ह्यांना घर सापडत नाहीये.” मी म्हटलं, “मग सांगा ना, त्या टोकाला ठेवलंय.” तर म्हणाले, “तूच सांग. माझं ह्या घरात कोण ऐकतं?” शेवटी मी पेटी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली. माश्या शहाण्यासारख्या आत गेल्या. एकही त्यांना चावली नाही.

त्या दिवसापासून पेटी मूळ जागी आणि खुर्ची तिच्या शेजारी, अशी व्यवस्था झाली, आणि दाजी बोलायला लागले. कोणत्या माशीने आज कुठल्या रंगाचे पराग आणले, दारावरची पहारेकरीण कुणाशी भांडली, कोण दमून उंबऱ्यावरच बसली, हे सगळं मला जेवताना ऐकावं लागतं. माझं लक्ष नसलं तर “ऐकतेस ना?” असंही विचारतात. लग्न ठरलं तेव्हाही त्यांनी हे विचारलं नव्हतं. मी तुला ‘पेटी ने, पेटी ने’ म्हणून लिहीत राहिले, ते सुरू केलेलं काम मध्येच सोडायची मला सवय नाही म्हणून.

आता टेम्पोवाला आला त्या रविवारचं. पेटी बांधून द्यायची माझी सगळी तयारी होती. दाजी ‘ने म्हणावं’ एवढंच बोलून आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी दोरी घेऊन गॅलरीत गेले, तर पोतं फोडून धान्य ओतावं तशा माश्या पेटीतून बाहेर. घरात दाटी झाली आणि नवी राणी जन्माला यायच्या बेतात असली, की जुनी राणी निम्मी मंडळी घेऊन निघते. निघाली ती तडक खाली उतरली आणि तुझ्या टेम्पोच्या आरशावर सगळी मंडळी घोसासारखी लटकली. नेणारा आला, माश्या आपण होऊन गाडीत बसल्या, आणि नेणाराच पळाला. तो थेट वकीलबाईंच्या दारात जाऊन थांबला. त्यांनी त्याला पाणी दिलं आणि फिर्याद करायची आहे का, असं विचारलं.

तेवढ्यात तुझे दाजी रेनकोट चढवून आले. हातमोजे नव्हते म्हणून हातांत पायमोजे. मला म्हणाले, “कपड्यांची टोपली धर, आणि मध्ये बोलू नकोस.” ह्या घरात मला असं आजवर कुणी सांगितलेलं नाही. मी टोपली धरली. त्यांनी आरसा एकदा झटकला आणि राणीसकट घोस टोपलीत पडला. (माझं बोट सुजलं ते तेव्हा. बोलताना बोट दाखवायची सवय नडली.) तुझा टेम्पोवाला संध्याकाळी टेम्पो घेऊन गेला, पण टोपलीकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

परवा नवी राणी बाहेर आली. त्याआधी दाजींनी पेटीला कान लावून मला बोलावलं. आत कुणी बारीक पिपाणी वाजवावी तसा आवाज येत होता. नवी राणी हाक देते, म्हणाले. आम्ही दोघं एका पेटीला दोन बाजूंनी कान लावून उभे होतो, आणि वकीलबाई वरून बघत होत्या. बघू देत.

तेव्हा हक्काचं असं आहे. आपल्यात लेक घर सोडते. माश्यांच्यात आई सोडते आणि भरलेलं घर लेकीला ठेवून जाते. तू आमच्याकडे ठेवलीस ती आई. ती आपल्या मर्जीने निघाली आणि तू पाठवलेल्या गाडीत बसली. याहून स्पष्ट तिने काय करायला हवं होतं? लेक आमच्याकडे जन्मली, बाळंतपण आम्ही केलं. आई तुझी, ती पाठवते आहे. पेटी पाठवत नाही, कारण तिच्यात बिऱ्हाड आहे. तू नवी पेटी करून घे.

तुझी,
ताई

ता. क. नर माश्यांविषयी काही लिहिलं नाही. काहीही काम न करता दुसऱ्यांच्या घरी जेवतात, एवढंच सांगते. तू मनाला लावून घेऊ नकोस.

ता. क. (दुसरा) दाजींना फोन करून ‘पेटी देता का’ असं विचारू नकोस. ते ‘ने’ म्हणतील, आणि भिंतीकडे तोंड करून बसतील. ते पुन्हा तीन वाक्यांवर आले तर मला चालणार नाही. काम एवढंच होतं. बाकीचं पत्र नाही वाचलंस तरी चालेल.

आज पुन्हा बोलावलेल्या टेम्पोवाल्याच्या ताब्यात दिलं, संध्याकाळी सगळ्या आत आल्यावर: राणी आणि तिची मंडळी, टोपलीसकट, वरून मच्छरदाणीचा तुकडा दोरीने बांधून. मधाची बाटली, झाकण घट्ट. पेटी दिलेली नाही. टोपली दाजींनी स्वतः उचलून टेम्पोत ठेवली आणि टेम्पोवाल्याला बजावलं, “सावकाश चालव, आत म्हातारी आहे.”