शेवंतीपुढची नोंद

॥ श्री ॥
आचरा, ता. १२ नोव्हेंबर १९६१

चि. लवूस सत्यवानचे अनेक आशीर्वाद.

तुझा ग्रंथ पोचला. आईने त्याला हळदकुंकू लावले, मग वाचायला सांगितले. दुष्काळात उपाशी माणसे मेली म्हणायची की सरकारने मारली, हा तुम्हा इतिहासकारांचा वाद मला बराचसा कळला. पण त्रेचाळीसच्या टंचाईत आपल्या गावात भुकेने कोणी मेल्याचा पुरावा नाही, म्हणून हा नरसंहार नव्हे, असे तू लिहावेस? तुझी सख्खी बहीण कशाने गेली? सरकारी वखारीत तांदूळ कुलपात होता आणि शेवंती आपली पेज तुझ्या थाळ्यात ओतत होती. आई एवढेच म्हणाली, लवू शिकान मोठो झालो, पण बहिणीची पेज इसारलो.

बारीक अक्षरात लिहितोस, डोळे सांभाळ. घराची ओढ राहू दे.
सत्यवान

मुंबई, ता. २० नोव्हेंबर १९६१

ती. दादास लवूचा शि. सा. न. वि. वि.

पेज विसरलो नाही. एक पक्ष म्हणतो, धान्य असून दिले नाही, म्हणजे मारलेच. दुसरा म्हणतो, मारण्याचा हेतू दाखवा, निदान भुकेचे बळी तरी दाखवा. म्हणून मी कचेरीत गावची मृत्यूंची वही पाहिली. एकतीस नावे, सगळ्यांपुढे ताप. शेवंतीपुढेही. अक्षर तुमचे आहे, दादा. त्याच अक्षरावर मी पाटी गिरवली. ते खोटे कसे मानू? आता तुम्ही भूक म्हणता, मग वहीत ताप लिहून मला का फसवलेत?

आईस नमस्कार. रागातही आठवण असावी.
लवू

आचरा, ता. २६ नोव्हेंबर १९६१

चि. लवूस आशीर्वाद.

तेव्हा पाटलांची वही मीच लिहीत असे. भूक लिहिली तर वरून विचारणा होते, ताप लिही, असे पाटलांनी बजावले होते. तीस नावांपुढे त्यांच्या सांगण्यावरून लिहिले. शेवंतीच्या वेळी त्यांनी तसे सांगितले नाही, तो ताप माझा मी लिहिला. देवाच्या नैवेद्याचा मान आपल्या घराकडे. त्या घरची पोर उपाशी गेली, हे लिहायला हात धजेना. तुझा ग्रंथ वाचून तुलाच बेइमान म्हणत आठवडाभर देवापुढे बसलो. देव काय ऐकत असेल!

भुकेच्या बळींचा कागद सापडत नाही म्हणतोस. माझ्याकडचा हा घे. एकतीसही माणसे भुकेने गेली हे ठाऊक असून मी ताप लिहिला. माझ्या नावासकट छाप, मग हव्या त्या पक्षाला जा. आईला आज संध्याकाळी सांगणार आहे.

शेवंती गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. अंग गार होते, लवू.

माया उरली असेल तर दोन ओळी धाड.
सत्यवान