व्हिएन्नात पानी

गिरीज,
दि. २८ एप्रिल १९८४

ती. सॅन्टन यांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लिहिते आहे तेव्हा तुम्ही माझ्यापासून दहा पावलांवर ओटीवर बसला आहात आणि घुमटाच्या मडक्यावर ताणलेल्या चामड्याला तिसऱ्यांदा खोबरेल चोळता आहात. मी स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. मघाशी तुम्ही विचारलंत काय लिहितेस, तर मी किराण्याची यादी म्हणून सांगितलं. कार्मिन टीचर म्हणाल्या की व्हिएन्नाला टपाल पोचायला सात दिवस लागतात. म्हणून आजच पेटीत टाकणार, म्हणजे तुम्ही पोचाल तेव्हा तिथे कोणीतरी ओळखीचं भेटेल.

मला अजून खरं वाटत नाही. शाळेला व्हिएन्नाच्या मुलांच्या मेळ्याचं बोलावणं आलं, चौदा पोरी निवडल्या, त्यात आपली इनेझ, इथवर समजलं. पण कार्मिन टीचरना लग्नातलं गाणंच हवं, त्या गाण्याला घुमटच हवं, आणि घुमटाला अख्ख्या गावात तुम्हीच हवे. जो माणूस वसई स्टेशनावर गाडी कुठल्या बाजूला लागते ते अजून विचारतो, तो निघाला युरोपला. बर्नार्डकाका कालपासून तीनदा येऊन गेले. रोमला जायचं नाही, तर एवढं विमानात बसायचंच कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना तुमच्याकडे पाठवत होते, पण तुम्ही दर वेळी वाडीत पळालात.

आता कामाचं. लुंगीवर रस्त्यात फिरू नका. स्वेटर बॅगेत तळाला आहे, वरचे कपडे उपसून तो नाहीच म्हणून ठरवू नका. इनेझची वेणी तिची तिला घालता येते, ती नाही म्हणाली तरी.

आणि एक. टीचरनी आधी मलाच विचारलं होतं, गाणं माझं तर मीच चलावं म्हणून. म्हैस व्यायला झाली आहे म्हणून मी नाही म्हटलं. तेच कारण आहे. दोन महिने तुम्ही अधूनमधून माझ्या तोंडाकडे बघत बसता, ते आता थांबवा.

लोभ असावा, आणि तो थंडीने आखडू नये.

आपली,
लूर्डस


व्हिएन्ना,
दि. ६ मे १९८४

सौ. लूर्डस हिस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे सुखरूप पोचलो. वसतिगृहाच्या दारात एका बाईने माझ्या हातात तुझं पत्र ठेवलं, तेव्हा पोरी टाळ्या पिटून हसल्या. विमान उतरल्यापासून पहिलं बोलणं तुझंच खाल्लं. ती किराण्याची यादी नव्हती हे मला कळायला हवं होतं, कारण यादी लिहिताना तू हसत नाहीस.

शहर फार मोठं आणि फार स्वच्छ. रस्त्यातून ट्रॅम जाते, ती वेळेवर येते आणि कोणी लोंबकळत नाही. चर्चचा मनोरा बघताना मान दुखली. पोरी मजेत आहेत. इनेझ एका हंगेरीच्या मुलीबरोबर दिवसभर बोलते, दोघींना एकमेकींचं काही कळत नाही, तरी बोलणं संपत नाही. हा गुण तिने कोणाकडून घेतला ते मी लिहीत नाही.

पण घुमट बिघडलं. थंडीने चामडं ढिलं पडलं आणि आवाज असा निघाला, जसं कोणी ओल्या पोत्यावर थाप मारावी. घरी आपण पेंढा पेटवून शेकतो. इथे पेंढा कुठला? शेवटी मी घुमट घेऊन सरळ भटारखान्यात गेलो. तिथे मार्टा नावाची आचारीण आहे, साठीची, मनगटाने माझ्याहून दणकट. मी हातवारे करून सांगितलं. तिने आधी मडक्यात काही शिजवायचं आहे असं समजून आत वाकून पाहिलं. मग कळल्यावर भट्टीचं दार उघडून मला स्टूल दिलं. आता रोज सकाळी मी तिथे घुमट शेकत बसतो आणि ती मला कॉफी देते.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. तू टीचरना ते लग्नात विहिरीवरून पाणी आणायचं गाणं सांगितलंस, ते त्यांनी वहीत उतरवताना शुद्ध करून घेतलं. ‘पानी आनू गं बायांनो’ च्या जागी पोरी गातात ‘जल आणू या सख्यांनो’. टीचरांचं म्हणणं, आपण देशातर्फे आलो आहोत, तर भाषा चांगली हवी. मला भाषेतलं कळत नाही. पण ‘पानी’वर माझ्या दोन थापा पडतात. ‘जल’ म्हणता म्हणता पहिल्याच थापेला संपतं आणि दुसऱ्या थापेला माझा हात रिकाम्यात पडतो. पोरी अडखळतात, मी अडखळतो. काल सराव बघायला मेळ्याची माणसं आली होती. त्यांनी गोड बोलून सुचवलं की सात कडवी लांब होतात, एकच ठेवावं. टीचर रडायच्या बेतात होत्या.

कार्यक्रम १९ तारखेला आहे. मला वाटतं तुझे शब्द परत घालावेत. पण टीचर शिकलेल्या, मी केळी लावणारा. कसं सांगू, तेवढं कळव.

आहे तो लोभ वाढव म्हणत नाही, कमी करू नकोस.

तुझा,
सॅन्टन


गिरीज,
दि. १३ मे १९८४

ती. सॅन्टन यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आजच मिळालं. बावीस वर्षांत मी चूल पेटवताना तुम्ही कधी स्टूल घेऊन शेजारी बसलेलं मला आठवत नाही. मार्टाबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की या माणसाला सकाळी कॉफी नाही, चहा लागतो, आणि तो त्याचा त्याला करता येतो.

म्हैस अजून तशीच आहे. केळीचे घड शेजारच्या प्लासिडने उतरवून दिले. एक घड बर्नार्डकाकांना पाठवला, तेव्हापासून व्हिएन्नाही तसं बरंच शहर आहे असं ते म्हणू लागले आहेत.

‘सख्यांनो’ वाचून मी आणि रंभा खूप हसलो. रंभा माहेरच्या शेतातला पेंढा म्हशीसाठी द्यायला आली होती. आपल्याकडे विहिरीवर कोण कोणाला सखी म्हणतं? पण हसून झाल्यावर मी विचार केला आणि आता जे लिहिते आहे ते नीट वाचा. टीचरांचे शब्द राहू द्या. माझे घालू नका.

तुम्हाला हे मी कधी सांगितलं नाही. मी नववीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात हेच गाणं गायले होते. आईने नवं लुगडं नेसवलं होतं. आमच्या खाडीकाठच्या गावात सगळे पानीच म्हणतात, मला दुसरं म्हणता येतं हेच माहीत नव्हतं. मी पहिली ओळ म्हटली आणि पुढच्या रांगेतून कोणीतरी नाकात बोलून ‘पानी, पानी’ केलं. मग सगळं सभागृह हसलं. मी गाणं पुरं केलं नाही. खाली उतरल्यावर बाईंनी सांगितलं की आधी ण म्हणायला शीक, मग स्टेजवर चढ. माझ्याच वर्गातली रंभा तेवढी माझ्याबरोबर चालत घरी आली. 

लग्नात गाते ते वेगळं. तिथे सगळ्या आपल्याच बायका असतात आणि अंधार झालेला असतो. पण टीचरनी विचारलं तेव्हा मला ते सभागृहच दिसलं. म्हैस हे खरं कारण नव्हतं. तुम्हाला ते माहीत असणार, म्हणूनच बघत होतात.

इनेझ पंधराचीच आहे. एवढ्या लोकांसमोर तिला कोणी हसलं तर ती तुमच्याजवळ बोलणार नाही, आणि मी तिथे नाही. एक कडवं तर एक कडवं. जल तर जल. तुम्ही रिकाम्यात थाप मारा, कोणाला कळत नाही.

एवढं ऐका. लोभ आहे म्हणूनच मागते.

आपली,
लूर्डस


व्हिएन्ना,
दि. २१ मे १९८४

सौ. लूर्डस हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. कार्यक्रम परवा झाला. पत्र दोन दिवस आधी आलं असतं तर मी तुझं ऐकलं असतं, हे शपथेवर लिहितो. आलं नाही, म्हणून मी टपाल खात्याचा आभारी आहे. आता रागावायचं असेल तर सगळं वाचून मग रागाव.

तुझ्या उत्तराची वाट बघून मी थकलो होतो. १६ तारखेच्या सरावात पोरी पुन्हा कोलमडल्या, तेव्हा टीचर बाहेर जाऊन जिन्यात बसल्या. मी जाऊन शेजारी बसलो आणि सांगितलं की लूर्डसच्या शब्दांवर माझा हात चुकत नाही, एकदा करून बघू. त्या म्हणाल्या, मूळ शब्द त्यांच्याकडे नाहीतच. तू बोलत होतीस आणि त्या लिहिता लिहिताच बदलत होत्या. मग मी म्हटलं, घ्या लिहून.

तू म्हणतेस मी तुझं काही ऐकत नाही. घुमट घेऊन मी बावीस वर्षं तुझ्या मागे बसतो आहे, लूर्डस. सहा कडवी मी सांगितली. पाचव्याला अडलो, तिथे इनेझ पुढे झाली. म्हणाली, आई भाकरी थापताना हे कडवं नेहमी म्हणते. टीचरनी एकेक ओळ लिहून घेतली, न च्या जागी न लिहून. एकदा चुकून त्यांनी ण काढला, तो त्यांनीच खोडला. पोरींना तर शिकवावंच लागलं नाही. निम्म्यांच्या घरी आजीकाकी असंच बोलतात, त्या नुसत्या मोकळ्या झाल्या. दोन दिवसांनी मेळ्याच्या माणसांनी ऐकलं आणि सातही कडवी ठेवा म्हणाले.

परवा सभागृहात सातेकशे माणसं होती. मार्टा एप्रन काढून, टोपी घालून दुसऱ्या रांगेत बसली होती. मी दोन थापा दिल्या, इनेझने ‘पानी आनू’ उचललं, आणि माझा हात जिथे पडायला हवा तिथे पडला.

तुझ्यापासून लपवत नाही, लोक हसले. तिसऱ्या कडव्याला. तिथे वरमाय विहिरीवर उभी राहून घडे मोजते आणि आपल्याला एक कमी आला म्हणून भांडते. इनेझ वरमाय झाली होती. पदर खोचून, बोटं मोजून, तिने अशी मान वळवली की एक शब्द न कळता सगळं सभागृह हसायला लागलं. ती थांबली नाही. हसणं ओसरेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी राहिली, जशी तू माझ्यापुढे राहतेस, आणि मग चौथं कडवं उचललं. मी वाजवत होतो, म्हणून मला डोळे पुसता आले नाहीत. सोडून दिले.

तेव्हा मला तुझी नववी माहीत नव्हती. ती काल पत्रातून कळली. तू इतकी वर्षं हे एकटीने ठेवलंस याचं वाईट वाटलं. मी नुसता तोंडाकडे बघत बसलो, विचारलं नाही, याचं जास्त वाटलं. तुझं पत्र इनेझला दाखवलं नाही. ते तू तिला सांगशील तर सांग.

इथे आता जेवणाच्या टेबलावर पाण्याला सगळे पानी म्हणतात. हंगेरीच्या, पोलंडच्या, सगळ्या मुली पेले पुढे करून पानी मागतात आणि मार्टा जग घेऊन पानी, पानी करत फिरते. कोणी तिला ण शिकवत नाही.

५ तारखेला निघू, ६ जूनला सकाळी मुंबईत सहार विमानतळावर उतरू. खाली टीचरांना दोन ओळी लिहायच्या आहेत.

लोभ मागत नाही, या खेपेला रागावली नाहीस तरी पुरे.

तुझा,
सॅन्टन

सौ. लूर्डसबाई यांना कार्मिनचा सप्रेम नमस्कार. तुम्ही माझ्यासमोर दोन तास बसून गाणं सांगितलंत आणि मी ते ऐकत नव्हते, सुधारत होते. मला क्षमा करा. जूनमध्ये शाळा उघडली की वही घेऊन तुमच्याकडे येते. या वेळी तुम्ही बोलाल तसंच लिहीन.


गिरीज,
दि. २८ मे १९८४

ती. सॅन्टन यांस,
शि. सा. न. वि. वि.

म्हैस व्याली. पारडी झाली, कपाळावर पांढरा ठिपका आहे. दूध मागच्या वेळेपेक्षा बरं आहे.

तुमचं पत्र आज दुपारी आलं. दोनदा वाचलं. मग म्हशीला पेंड घालायला गेले. रागवायचं ठरवलं होतं, पण कुठून सुरुवात करावी ते सापडलं नाही. सहा कडवी पाठ असलेला माणूस बाजारातून आणायच्या चार वस्तूंतली एक रोज विसरतो, याबद्दल घरी आल्यावर बोलू.

टीचरना सांगा, वही घेऊन खुशाल या. पण मी भाकऱ्या थापताना सांगेन, मला बसून शब्द आठवत नाहीत. आणि इनेझला मी कमरेवर हात ठेवून कशी उभी राहते हे शिकवायची गरज नव्हती.

संध्याकाळी मी माहेरी गेले आणि पत्रातलं रंभाला वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग उठून शेजारणीला हाक मारली, तिने तिच्या जावेला. अंगणात बायका जमल्या. सात कडवी झाली, मग पहिल्यापासून पुन्हा झाली. कोणाचं लग्न आहे का म्हणून रस्त्यावरची माणसं बघायला आली. उजेड होता आणि मी उभी राहून गात होते, हे मला पाचव्या कडव्याला लक्षात आलं. तोवर थांबण्यात अर्थ नव्हता.

आता ठरलं ते असं. ६ तारखेला पहाटे प्लासिड मॅटॅडोर आणतो आहे. अकरा बायका आहोत, रंभा पुढच्या सीटवर बसायचं आताच सांगून बसली आहे. सहारला तुम्ही बाहेर येणार त्या दारापाशी उभ्या राहू. तिथे साहेब लोक असतील, पोलीस असतील, आणखी कोण कोण असतील. तरी येणार.

हे पत्र तुम्ही निघायच्या आत पोचलं तर एवढं करा. घुमट सामानात देऊ नका, हातात ठेवा. दारातून बाहेर आलात की मला शोधत बसू नका. आधी दोन थापा द्या, मग मी उचलते.

लोभ आहे तो आहेच, बाकी समोर.

आपली,
लूर्डस