काठाखालची खूण

मी राघो गोमा ओव्हाळ, वय सुमारे एकोणपन्नास, पूर्वी खोपोलीकडच्या एका कारखान्यात पिंपे धुण्याच्या कामावर, राहणार कुंभिवलीजवळची बौद्धवाडी, तालुका खालापूर, जिल्हा कुलाबा, कोणाच्याही दाबाखाली न येता, सकाळची वंदना झाल्यावर हे लिहीत आहे. हाताला कंप आहे, तो सहीत दिसेल. मन स्थिर आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि पुन्हा करण्याइतके दिवस डॉक्टरांनी दिलेले नाहीत.

१. दोन खणांचे कौलारू घर, मागची पडवी, सायकल आणि पोस्टातले जे असेल ते माझी पत्नी आवडी हिचे. वाडीने आम्हाला वाळीत टाकल्यापासून ती सहा वर्षे कोणाच्या हळदीला गेलेली नाही. तिने मला एकदाही बोल लावला नाही. लावला असता तर मला सोपे गेले असते.

२. तांब्याचा हंडा आवडीचाच. माझ्या अंत्यविधीला जे येतील त्यांना पाणी याच हंड्यातले द्यावे. जे पिणार नाहीत त्यांना आग्रह करू नये. आमच्या आजाला गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. आम्ही छप्पन साली दीक्षा घेतली, आणि त्र्याहत्तर साली आमच्याच वाडीने मला समाजाच्या भांड्यांना हात लावायची बंदी केली. शिकलेले कुठे वाया जात नाही.

३. रबरी हातमोजे एक जोडी, दोन्ही डाव्या हाताचे, कारखान्याच्या फोरमनला परत द्यावेत. अकरा वर्षांत त्यांनी मला उजवा दिला नाही. त्या पिंपांतून पिकावरच्या किडीचे औषध येई. रिकामी पिंपे आम्ही सोड्याने, मग वाफेने, मग पाण्याने धूत असू. दर दिवाळीला ती निळा रंग मारून कामगारांना बक्षीस मिळत, आणि दोन वाडीला, लग्नाकार्यात पाणी भरायला.

बहात्तरच्या दिवाळीनंतर माझ्या घरच्या पिंपातले पाणी शेळी प्यायली आणि दुपारपर्यंत पाय झाडून मेली. मी फोरमनना सांगितले की काठाच्या घडीत औषध राहते. ते म्हणाले, “ओव्हाळ, शेळीचं सुतक धरायचं असेल तर रजा लिहून दे.”

४. फॅक्टरी इन्स्पेक्टरांना मी नावानिशी लिहिलेल्या तीन पत्रांच्या नकला पत्र्याच्या पेटीत आहेत. त्या काळूराम टपालवाल्याकडे जाव्यात. पत्रे त्यानेच नेली होती आणि नेताना म्हणाला होता, “नाव नको घालू रं राघो.” मी दर पौर्णिमेला खोटे न बोलण्याचे शील घेतो. बिननावाचे पत्र मला अर्धे खोटे वाटले. साहेब आले, चहा पिऊन गेले. कारखान्याने फाटकावर सांगितले की राघोने कागद केला, म्हणून यापुढे पिंपे बंद, दिलेली परत आणा. वाडीला वाटले, आमची पिंपे काढून दुसऱ्या वाडीला देणार. त्यांनी आपली दोन्ही पेंढ्याच्या उडवीत लपवली आणि आम्हाला वाळीत टाकले.

५. कुऱ्हाड मी कोणालाच देत नाही. ती माझ्याबरोबर जाळावी, दांडा तरी जळेल. त्र्याहत्तरच्या मे महिन्यात माझा धाकटा भाऊ दामू याच्या लेकीच्या लग्नात ती पिंपे भरून मांडवात ठेवली. मला आमंत्रण नव्हते. मी कुऱ्हाड घेऊन गेलो, की पिंपे फोडावीत. चौघांनी मला धरले. दामूने पेला बुडवला, घटाघटा प्यायला आणि म्हणाला, “मेलो का रं मी? आता आयेला पाजतो, बघत उभा ऱ्हा.” मांडव हसला. आमची आई चंद्राबाई माझ्याकडे बघत होती. लग्नात तंटा नको म्हणून तिने पेला घेतला आणि रिकामा केला.

संध्याकाळी आई गेली. कशेळ्याहून लग्नाला आलेल्या मालनबाई तेच पाणी प्यायल्या होत्या, त्या पहाटे गेल्या. दामू चार दिवस ओकला आणि जगला. पंचनाम्यात जेवणातून विषबाधा असे आले. मटण रांधणारा कमाल खोत अकरा दिवस कोठडीत होता. सुटला तेव्हा पुढचे दोन दात नव्हते. मी जबाब दिला की दोष पिंपाचा आहे. कारखान्याने सांगितले, निळे पिंप कोणाचेही असेल, आमचे कशावरून? मला कामावरून काढले. कमाल पुराव्याअभावी सुटला, पण त्यानंतर त्याला लग्नात चूल पेटवायला कोणी बोलावले नाही.

६. आई ज्यातले पाणी प्यायली ते निळे पिंप, कुऱ्हाडीची तीन भोके असलेले, माझ्या मागल्या दारी पालथे आहे. आई गेली त्या रात्री मी ते मांडवात जाऊन फोडले आणि उचलून आणले. ते मी दामूस देतो, आणि का देतो ते लिहितो.

धुणारा प्रत्येक जण तिन्ही वेळा धुऊन झाल्यावर काठाखाली छिन्नीने आपली खूण करी. माझी खूण दोन उभ्या रेघा आणि एक टिंब. दुसऱ्या सकाळी मी निळा रंग खरवडला. खाली दोन रेघा आणि टिंब होते. बहात्तरच्या त्या दिवाळीत फोरमनना संध्याकाळच्या आत साठ पिंपे हवी होती. मी वाफ दिली नाही आणि खूण केली. पुरावा हाच होता. तो दाखवला असता तर कारखाना धरला गेला असता, कमाल त्याच दिवशी सुटला असता. मी रंगाचा डबा आणून ती खूण पुन्हा झाकली.

सहा वर्षे दामू आपल्या हाताने कोणाला पाणी देत नाही, स्वतःच्या लेकीलाही नाही. मी पडवीतून ते पाहत आलो. पाहून मला बरे वाटत असे. हेही लिहून ठेवतो.

परवा मी रंग पुन्हा काढला. माझ्यामागे पहिल्या पौर्णिमेला पिंप विहारासमोर ठेवावे, हे पत्र काळूरामने मोठ्याने वाचावे आणि दामूने खुणेवर बोट ठेवून पाहावे. आईला पाणी त्याने दिले. पिंप धुतले आहे असे त्या खुणेने मी सांगितले होते.

सह्यांच्या आधी हे साक्षीदारांना वाचून दाखवले. काळूरामने सही केली. कमालने पेन हातात घेतले, खाली ठेवले, मग म्हणाला, “सा वर्सांत मला सांगाया एक दिस नाय गावला तुला?” मी कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने सही केली.

राघो गोमा ओव्हाळ (सही)

साक्षीदार:
काळूराम धाकू पिंगळे, टपालवाला (सही)
कमाल अहमद खोत, पूर्वी आचारी (सही)

मुक्काम बौद्धवाडी, तालुका खालापूर
ता. ३ फेब्रुवारी १९७९