काळ्या कुयांची बादली

५ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी शेडमध्ये एकोणीस कुया मेलेल्या. पोटं फुगलेली, मागचे पाय ताणलेले. आई त्या पोत्यात भरत म्हणाली, "सणाला लोकांना काय वाढायचं आता, नुसते बटाटे?" मी उत्तर द्यायला वळलो, तर फाटकात देल्मिरा उभी.

दोन वर्षांनी. केस कापलेत. हातात थर्मासचा डबा, गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र. आणि मी हातात मेलेली कुई मागच्या पायांना धरून उभा! यापेक्षा वाईट भेट ठरवूनही झाली नसती.

तिचं शेवटचं वर्ष. प्रबंधासाठी खोऱ्यातल्या वीस घरांतल्या कुयांच्या लेंड्या गोळा करतेय, आणि आसपासच्या रानपाखरांच्या, उंदरांच्या विष्ठेचे नमुने. औषधाला न जुमानणारे जंतू कुठून कुठे जातात, ते तिला शोधायचंय. कागदावर ती 'गिनीपिग' लिहिते, तोंडाने कुईच म्हणते. तेवढं बरं वाटलं.

"तू इथेच असतोस आता, एफ्राइन?"

"मग काय चंद्रावर?" असं उगाच म्हणालो. नंतर दिवसभर स्वतःला शिव्या.

मी तिसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं. एका सरांनी माझा पेपर आमच्या डोंगरी उच्चारात वाचून दाखवला, वर्ग हसला, मी काचेच्या बशांचा ट्रे त्यांच्या टेबलावर आपटला आणि निघून आलो. देल्मिरा तेव्हा हसली होती की नाही, हे मला अजून माहीत नाही. विचारायचं धाडस नाही.

६ ऑगस्ट, शनिवार

तिने फॉर्म भरून घेतला. किती कुया, चारा कुठला, पाणी कुठलं. मग — "गेल्या सहा महिन्यांत औषध?"

जानेवारीपासून देतोय. पिवळ्या बाटलीतलं, पाण्यातून. शेडला रोज थोडं. स्वयंपाकघरातल्या बारा काळ्यांना दुप्पट, त्यांची बादलीच वेगळी. मंगळवारी-शुक्रवारी लोक आईकडे येतात, आई काळी कुई त्यांच्या अंगावरून फिरवते, मग तिचं पोट उघडून दुखणं वाचते. काळी मेली तर आई काय करणार? म्हणून काळ्या मरता कामा नयेत.

पण कॉलेजात देल्मिरा म्हणायची — आजारी नसताना पाण्यात औषध ओतणारा माणूस म्हणजे आग लागायच्या आधीच सगळं पाणी संपवून ठेवणारा. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "नाही."

"काहीच नाही?"

"नाही म्हणालो ना."

तिने 'नाही' लिहिलं. मी सही केली. ठसठशीत.

७ ऑगस्ट, रविवार

तिला घ्यायला एक मोटारसायकलवाला आला होता. हेल्मेट काढलं नाही त्याने. ती मात्र हसून मागे बसली.

११ ऑगस्ट, गुरुवार

आजचा दिवस जपून ठेवायचा.

पहाटेच्या दहिवरात आम्ही दोघांनी मागच्या दगडी कुंडीजवळ बारीक जाळं बांधलं. बाकी सगळं रान वाळलंय, ओढा सुतासारखा झालाय, त्यामुळे तुरेवाल्या चिमण्या तिथे नुसत्या तुटून पडतात. दोन तासांत एकतीस! देल्मिरा म्हणाली, "वीस घरं हिंडले, एवढी पाखरं कुठेच नाहीत. काय जादू आहे तुझ्या कुंडीत?"

"मालक देखणा आहे."

"मालकाने जाळं उलटं बांधलंय."

ती बोळा फिरवून नमुना घ्यायची, मी पाखराच्या पायाला लाल दोरा बांधायचो. मुठीत पाखरू धरलं की हृदयाचे ठोके वेगळे मोजता येत नाहीत, सगळं अंगच धडधडतं. एकदा तिचा अंगठा माझ्या मनगटाला लागला. माझीही तीच गत.

मोटारसायकलवाला तिचा मावसभाऊ आहे! मी विचारलं नव्हतं. तिनेच सांगितलं. का सांगितलं?

१२ ऑगस्ट, शुक्रवार

आईने काळ्यांच्या बादलीत बोट बुडवून वास घेतला. "हे काय घालतोस रे?"

"जीवनसत्त्व."

"वाचायच्या कुईला कोवळा चारा आणि ओढ्याचं पाणी. दुसरं काही तिच्या पोटात गेलं, तर ती खोटं बोलते."

"जीवनसत्त्वाने कुणी खोटं बोलत नाही, आई."

"हं," म्हणाली. विषय संपला.

१९ ऑगस्ट, शुक्रवार

निकाल आले. शेडमधल्या बऱ्याच कुयांत ते जंतू आहेत. पिवळ्या औषधाने मरत नाहीत, त्याच्या भाऊबंदांनीही नाही. पण सगळ्यात जास्त कुठे? कुंडीवरच्या चिमण्यांत. आणि सगळ्यात कमी काळ्यांत — बारांपैकी दोघींत.

मला कळेना. काळ्या तर सगळ्यात जास्त औषध पितात, सगळ्यात वाईट त्या निघायला हव्यात. पण हे मी कुणाला विचारणार? मी तर काहीच देत नाही!

देल्मिरा कागद हलवत म्हणाली, "पाखरं काय दुकानात जाऊन औषध आणतात? कुठेतरी पितायत ती. एफ्राइन, तू नक्की—"

"सही केलीय ना मी? पाखरं घाण करतात, ती चाऱ्यावर पडते, माझ्या कुया मरतात. सरळ आहे."

"मला सरळ दिसत नाहीये."

"तुला माझं काहीच सरळ दिसत नाही."

ती गेली. डबा विसरली, परत आली, घेऊन गेली. तरी बोलली नाही.

२० ऑगस्ट, शनिवार

मक्याच्या भरड्यात उंदराचं औषध कालवून कुंडीभोवती टाकलं. डोकं तापलं होतं. वाटलं, कारणच उपटून टाकू.

दुपारपर्यंत चाळीसच्या वर पडली. गोळा करत होतो, तर देल्मिरा दारात. भांडण मिटवायला आली होती — हातात पावाची पिशवी होती म्हणून म्हणतो. तिने ढिगातून एक उचललं. पायाला लाल दोरा.

"हा तू बांधलास."

मी उरलेली पोत्यात भरू लागलो.

"मला वाटायचं, तू तेव्हा ट्रे आपटलास ते बरं केलंस. मी कुणी विचारलं की हेच सांगायचे." तिने पाखरू खाली ठेवलं. "तू फक्त आपटतोसच, होय ना?"

पाव घेऊन गेली.

२१ ऑगस्ट, रविवार

म्हणजे तेव्हा वर्गात ती हसली नव्हती.

२३ ऑगस्ट, मंगळवार

देल्मिराला तिची युदोसिया मावशी घेऊन आली. काल पलीकडच्या गावात नमुने घेताना बैल मागे लागला, कालव्यात पडली. तेव्हापासून झोप नाही, दचकते. मावशी आईला म्हणाली, "सातुर्निनाबाई, भीती बसलीय पोरीच्या अंगात. एवढी शिकलेली, पण बैलाला काय त्याचं!" देल्मिरा कसनुसं हसली, "मावशीचं मन राखायला आलेय, माय."

"मन कुणाचंही राख," आई म्हणाली, "आधी जोडे काढ."

आईने मला काळी आणायला सांगितलं. मी सगळ्या उचलून बघितल्या. सगळ्यात तुकतुकीत, डोळे स्वच्छ, वजनदार अशी निवडली. दुसऱ्या कुणासाठी एवढं कधी बघितलं नव्हतं.

आईने ती तिच्या कपाळावरून, गळ्यावरून, हातांवरून फिरवली. कुईने घाबरून तिच्या हातावर घाण केली, मानेवर ओरखडा काढला. मग आईने ती उघडली, पाण्याच्या वाडग्यात बघितली, म्हणाली, "भीती आहे. जाईल. पण पोटात काहीतरी धुरकट दिसतंय, ते मला ओळखीचं नाही." देल्मिराने परकराला हात पुसले आणि मावशीने दिलेला पाव खाल्ला.

जाताना माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. आज तेवढंच.

२६ ऑगस्ट, शुक्रवार

तिला कालपासून ताप आणि जुलाब. हुआन्कायो शहरातल्या इस्पितळात नेलंय. मावशी सांगून गेली.

२७ ऑगस्ट, शनिवार

ताप उतरत नाही. मावशीला विचारलं, कुठलं औषध चालू आहे? तिने चिठ्ठी दाखवली. पिवळ्या औषधाचा सख्खा भाऊ. दोन दिवस तेच चाललंय!

अंगणात किती वेळ उभा होतो कोण जाणे. सांगितलं तर ती माझं तोंड पुन्हा बघणार नाही. आईकडे कुणी येणार नाही. आमच्या कुया कुणी घेणार नाही. मग बाटली खिशात घातली आणि बस पकडली.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. बाटली वाचून म्हणाल्या, "किती दिवस?"

"जानेवारीपासून."

"पण हिनेच सांगितलं, त्या घरात औषध नाही, काळ्या कुया जवळजवळ स्वच्छ आहेत. तिच्याकडे सही आहे म्हणे. म्हणून तर आम्ही हे सुरू केलं."

"सही माझी आहे," मी म्हणालो. "सही खोटी आहे."

पडद्याआड देल्मिरा जागी होती. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. तिने सगळं ऐकलं. भिंतीकडे तोंड केलं.

२९ ऑगस्ट, सोमवार

दुसरं इंजेक्शन लागू पडलं. मावशीने बाजारात सगळ्यांसमोर सांगितलं — ताप उतरलाय, आणि तुझं नाव तिच्यासमोर काढायचं नाही. दोन्ही एका दमात. मी एवढंच म्हणालो, "बरं, मावशी."

शेडमधलं औषध बंद केलं. बाटल्या पोत्यात बांधून ठेवल्यात. काळ्यांची बादली मात्र सवयीने दोनदा उचलली.

२ सप्टेंबर, शुक्रवार

मावसभाऊ मोटारसायकलवरून आला. आज हेल्मेट काढलं. कोरा फॉर्म दिला. वर पेन्सिलीने देल्मिराचं अक्षर — "आता खरं लिही. एक गोष्ट अजून जुळत नाही. काळ्यांना एवढं पाजलंस, तर त्या जवळजवळ स्वच्छ कशा? आणि पाखरांना कुणी पाजलं?"

नमस्कार नाही. माझं नाव नाही. तरी प्रश्न मलाच विचारलाय. दहा वेळा वाचला.

लिहिलं सगळं. शेवटच्या प्रश्नापुढची जागा कोरीच आहे.

४ सप्टेंबर, रविवार

आईला फॉर्म वाचून दाखवला, सगळा. ती मका सोलत होती. शेवटच्या प्रश्नाला थांबली नाही, सोलतच म्हणाली, "मला काय वास कळत नाही होय? कडू प्यायलेली कुई मी कुणाच्या अंगावर फिरवणार? रोज पहाटे तुझी बादली कुंडीत ओतायचे आणि काळ्यांना ओढ्याचं भरायचे. फुकट कशाला घालवायचं, पाखरं तरी पितील म्हटलं."

मागे गेलो. कुंडीच्या काठावर एक चिमणी होती, पायाला लाल दोरा. मी टाळी वाजवून तिला उडवलं आणि कुंडी उपडी केली.