तीस अँपिअरचा खांब

चेकोटा, ओक्लाहोमा
१४ नोव्हेंबर

प्रिय वेंडेलदादा,

तुझी तब्येत बरी असेल, लेकीच्या घरी तुला करमत असेल, अशी आशा करतो. इकडे सगळं ठीक. यंदा पिकानची झाडं नुसती लगडलीत, अक्रोडापेक्षा गोड आहेत, तुझ्यासाठी पोतंभर वेचून ठेवलेत. तुझा कुत्रा माझ्या पलंगावर झोपतो आणि मलाच कडेला ढकलतो. चर्चमधल्या बायका अजून डबे आणून देतात. म्हणतात, "हार्लन, भावासाठी किती केलंस रे." मी मान डोलावतो आणि डबे कुत्र्याला घालतो.

परवा लीटाचा फोन आला होता. "काका, बाबा जेवत नाहीत," म्हणाली. "आणि खरं सांगू? मलाही त्यांच्यासमोर बसवत नाही. शंभरदा सांगितलं होतं, आईसाठी असला जुनाट ट्रेलर घेऊ नका म्हणून." येईल-जाईल त्याला तू सांगत असतोस म्हणे, की व्हर्ना तुझ्यामुळे गेली. फोन ठेवला आणि कागद-पेन शोधलं. त्यानंतर दोनदा पत्र लिहायला घेतलं, दोन्ही फाडली.

दादा, ट्रेलरची वायरिंग चांगली होती.

घर विकून तुम्ही दोघं त्या चाकांवरच्या घरासकट माझ्या परसात कायमची राहायला येणार म्हटल्यावर मला केवढा आनंद झाला होता! ट्रेलरला वीज द्यायला चर मी खणला, खांब मी रोवला. तू म्हणालास, एखादा ट्रेलरच्या कामातला माणूस बोलावू या का? मला रागच आला. अडतीस वर्षं लोकांच्या घरांत वायरी ओढल्यात मी! तू फोनवर सांगितलं होतंस, तीस अँपिअरचं कनेक्शन लागेल. आम्हा घरवायरिंगवाल्यांना तीस म्हटलं की कपडे वाळवायचं मशीनच आठवतं, आणि त्याला लागतात दोनशे चाळीस व्होल्ट. ट्रेलरचं तीस एकशे वीसवर चालतं. सॉकेट मी दुकानातून ट्रेलरचंच आणलं, आणि त्याच्यामागे सवयीने एकीऐवजी दोन्ही जिवंत तारा जोडून मोकळा झालो, म्हणजे दुप्पट व्होल्ट. या चुकीवरून ट्रेलरवाले आम्हाला हसतात म्हणे. मला आत्ता कळतंय.

एवढंच असतं तर चूक झाली म्हटलं असतं. पण तू गॅसची टाकी आणायला गेला होतास तेव्हा व्हर्ना दारात खुर्ची टाकून बसली होती. नाकात नळी, मांडीवर ट्रेलरचं पुस्तक. तिचं ऑक्सिजनचं मशीन तेव्हा माझ्या घरातून ओढलेल्या वायरवर चाललं होतं. ती म्हणाली, "हार्लन, यात एकशे वीस लिहिलंय बघ. तू मोजलंस का?"

मी म्हणालो, "तू केक करतेस तेव्हा मी साखर मोजायला येतो का ग?"

ती हसली. हसता हसता खोकली. "बरं बाबा, शहाणा तू," म्हणाली आणि पुस्तक मिटून ठेवलं. मीटर माझ्या कमरेच्या पिशवीत होता. मोजायला अर्धं मिनिट लागतं.

पुढचं तुझ्यासमोरच झालं. मशीन आपण आत नेऊन लावलं, मी खांबावरचा खटका वर केला, दिवे पांढरेफटक पेटले आणि फटाफट सगळं जळालं. मशीनमधून धूर आला. जवळ होता तो ऑक्सिजनचा सिलिंडर पाव तासात संपला आणि अँब्युलन्सला यायला चाळीस मिनिटं लागली.

तू अँब्युलन्समध्ये चढताना ओरडलास, "हार्लन, मेन बंद कर!" मी केला. तुम्ही गेल्यावर पुन्हा चालू करून मोजलं. दोनशे एक्केचाळीस. तुमच्या गाडीची धूळ खाली बसायच्या आत मी ब्रेकर बदलला होता, तार हलवली होती. पाच वाजता अग्निशमन दलाचा माणूस तपासायला आला. त्याला खांबावर सगळं बरोबर सापडलं. मी ट्रेलरकडे बोट दाखवून म्हणालो, "जुना माल, दुसरं काय!" मग हॉस्पिटलमधून तुझा फोन आला, व्हर्ना गेली म्हणून. तू विचारलंस, "ट्रेलरमुळेच ना रे?" आणि मी हो म्हणालो. दफनाच्या वेळी तू माझ्या गळ्यात पडून रडलास, "तू होतास म्हणून सावरलो" म्हणालास, तरी माझं तोंड उघडलं नाही. इतका भेकड मी असेन असं मला वाटलं नव्हतं.

आज सकाळी त्या अग्निशमनच्या माणसाकडे जाऊन सगळं सांगून आलो, लिहून दिलं, खाली सही केली. तो तुझ्याकडे येईल. त्याच्या आधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. फोनवर मला जमलं नसतं.

हे पत्र लीटाला आजच्या आज वाचायला दे. लाजू नकोस, संकोचू नकोस, हातात दे. तिच्या बापाने काहीही वाईट विकत घेतलं नव्हतं. आई गेलीच आहे तिची. माझ्या खोटेपणापायी बापही जायला नको. तिच्याबरोबर बसून दोन घास खा. माझ्याशी उभ्या आयुष्यात बोलला नाहीस तरी मी तक्रार करणार नाही.

व्हर्नाने विचारलं होतं, दादा. तिने अगदी बरोबर विचारलं होतं.

तू नाव टाकलंस तरी तुझाच,
हार्लन