पाचवीच्या वर्गातलं कुराण

११ ऑगस्ट, कडेगाव
महाबळेश्वरला निघालो होतो. वाटेत इथं शाळेच्या भिंती रंगवायचं काम मिळालं — अडकलो! पाचवीच्या संयोगिताबाई पोरांना सगळ्या धर्मांचे ग्रंथ दाखवणार आहेत. कुराण येणार मुस्कान शिकलगारच्या आजोबांकडून. ती त्यांच्याकडंच राहते; बाप इम्तियाज सांगलीत असतो. त्यानं फोनवर बजावलंय — ‘कुराणाचा कायबी अवमान झाला, तर पोरीला त्याच दिशी घिऊन जातो.’ बाई काळजीत. मला वाटलं, एवढं काय! पुस्तकच की.

१२ ऑगस्ट
पाऊस. रंग वाळेना.

१३ ऑगस्ट
बाई आजोबांकडं बसून सगळं शिकून आल्या. हात धुऊनच घ्यायचं. त्याच्यावर दुसरं काही ठेवायचं नाही. पोरं सतरंजीवर बसतात, म्हणून ग्रंथ टेबलावर. कुराणाला रेहाल — ग्रंथ ठेवायची लाकडी घडवंची. मी दमून भिंतीला टेकलो तर म्हणाल्या, ‘टेबलाकडं पाय नकोत हं.’ लगेच आखडले! एवढं जपणारं माणूस मी तरी बघितलं नव्हतं.

१४ ऑगस्ट
आज तास. इम्तियाज सांगलीहून येऊन दारात उभा. मी उगाच ब्रश घेऊन खिडकीशी.
तेवढ्यात खिचडी करणाऱ्या शालूबाई हळदी-कुंकवाचं ताट घेऊन आत! दसऱ्याला पाटी-पुस्तकं पूजतात तसं. पहिल्या ग्रंथाला लावलं, बोट कुराणाकडं — बाईंनी अलगद मनगट धरलं.
‘आवं, त्याला लावलं आन् ह्यालाच उपाशी ठेवायचं व्हय?’ शालूबाई रडवेल्या. पोरं हसली.
‘हसायचं नाही,’ बाई म्हणाल्या. ‘मावशी मानच द्यायला आल्यात. इथली रीत वेगळी आहे, एवढंच. मुस्कान, तू सांग.’
मुस्काननं बापाकडं बघितलं.
‘आधी हात धुवायचं, मावशी.’
शालूबाई नळावर गेल्या, कोपरापर्यंत हात धुऊन आल्या. ‘आता गं?’
मुस्काननं कुराण उचलून कपाळाला लावलं, परत रेहालीवर ठेवलं. शालूबाई नुसत्या हात जोडून उभ्या. मग बाईंनी मराठी भाषांतरातून वाचलं. एक पोर हललं नाही. मी पण!
तास सुटला. इम्तियाज पोरीला घेऊन गेला — दप्तरासकट. बाई फळ्याकडं तोंड करून उभ्या.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन. मुस्कान नाही. शालूबाई सारख्या फाटकाकडं बघतायत. काम संपलंय, पण पाय निघत नाही.

१८ ऑगस्ट
मुस्कान आली! मागं इम्तियाज — एका हाताला मुस्कानची धाकटी बहीण, दुसऱ्या हातात त्या धाकटीचा सांगलीची शाळा सोडल्याचा दाखला. ‘बाई, हिलाबी हितंच घाला.’